ह्यांच्या नावानं

९ मे १९७४, गुरुवार

रात्रभर झोपले नाही. इंदू झोपली. ती आठ महिन्यांची आहे, तिला काही कळत नाही. मी झोपले नाही कारण काल दुपारी मी कॉल बुकवर सही केली.

आधी सही म्हणजे काय ते लिहिते. हे लोको शेडात फायरमन आहेत. गाडीची ड्यूटी लागली की शेडातून मारुतीकाका एक वही घेऊन घरी येतात. तीच कॉल बुक. तिच्यात सही केली म्हणजे बोलावणं पोचलं आणि माणूस येणार. हे रात्रभर इंजिनात कोळसा टाकून येतात आणि दुपारी मेल्यासारखे झोपतात. उठवलं तर ओरडतात. म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ह्यांनी मला आपली सही शिकवली. एम. जी. कानडे, इंग्रजीत. मला इंग्रजी तेवढंच येतं. शाळा चौथीपर्यंत. पण सही ह्यांच्यापेक्षा माझी चांगली येते, असं मारुतीकाकाच एकदा म्हणाले होते.

काल सकाळी सहापासून संप सुरू झाला, सगळ्या देशात. हे मैदानावर सभेला गेले होते. दुपारी मारुतीकाका आले. त्यांची नोकरी दोन महिने उरलीय म्हणून ते संपात नाहीत. मागे एक शिपाई होता, लाठीवाला. माझ्या कडेवर इंदू, चुलीवर वरण. काकांनी वही पुढे केली आणि मी सही केली. दीड वर्षाची सवय, हात आपला आपण चालतो. काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं ऊन लागलं असेल, म्हणून विचारलं, चहा घेता का. शिपाई म्हणाला, हां, क्यों नहीं. दोघांनी ओट्यावर बसून चहा घेतला. शेजारच्या चंपाभाभी त्यांच्या दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या.

संध्याकाळी हे आले ते पांढरे पडूनच. संपाच्या पहिल्या दिवशी कॉलनीत तिघांनी कॉल घेतला, त्यात माझं नाव आहे, म्हणाले. मी सांगितलं की सही मी केली. हे खाली बसले. आता शेडवाले म्हणणार हा येतो म्हणून आला नाही, याला पकडा. युनियनवाले म्हणणार हा फितूर. मी म्हटलं, सांगून टाकू की चूक झाली. हे म्हणाले, कोणाला सांगणार?

पहाटे सायकल घेऊन गेले. आधी बस स्टँडला, मग टहरौलीला. ह्यांच्या इंजिनाच्या ड्रायव्हरच्या भावाचं तिथे शेत आहे. जाताना म्हणाले, तू काही बोलू नकोस.

सकाळी दारावर फुली होती. मला वाटलं मलेरियावाले येऊन गेले, ते दारावर गेरूनं तारीख लिहितात. पण ही कोळशानं काढलेली आणि तारीख नव्हती.

१० मे

चार वाजता श्रीकृष्णभाऊजी आले.

ते ओरछा गेटजवळ राहतात. लघाटे. त्यांचं घराणं इथे फार जुनं, राजाच्या वेळचं. आता दोन खोल्या आहेत आणि आई आहे. ते रेल्वे इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत पुस्तकं द्यायचे. दारूपायी ते काम गेलं. आता कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितात. ह्यांचे मित्र. दोघांची अंगकाठी एक. एकदा मी मागून बघून फसले आणि ओरडले, येताना मेथी आणा. ते काही न बोलता गेले आणि मेथी घेऊन आले.

रोज चारला येतात. हे घरी नसले तर उंबऱ्याच्या बाहेर बसतात, आत येत नाहीत. लोक दारुडा म्हणतात, पण माझ्याकडे चहाला ते कधी पिऊन आले नाहीत. चहा मी चांगला करते. ही वहीसुद्धा त्यांनीच दिली. म्हणाले, वहिनी, अक्षर गंजू देऊ नका, मनात येईल ते लिहा, कोणी वाचत नाही.

महिनाभर ते मला एक इंग्रजी पुस्तक तोंडी सांगताहेत. लायब्ररीतलंच, परत करायचं राहिलं. गोष्ट फ्रान्स देशातली. तिथले गरीब उठतात आणि सरदारांची मुंडकी उडवतात. त्याला यंत्र आहे. सुरुवातीला मला गरिबांचं बरोबर वाटत होतं. अजून वाटतं. पण ते लोक थांबतच नाहीत. त्यात एक दारूवाली आहे, ती दुकानात बसून विणते आणि ज्याला मारायचं त्याचं नाव विणकामात घालते. आज मी त्यांना दारावरची फुली दाखवली आणि विचारलं, त्या बाईनं चुकून कोणाचं नाव विणलं तर उसवते का?

भाऊजी म्हणाले, “तेच तर आहे, वहिनी. ती उसवत नाही.”

मी म्हटलं, आमच्या चंपाभाभी विणत नाहीत. झाशीत मे महिन्यात लोकर हातात कोण धरणार. म्हणून कोळसा.

ते हसले, मग खोकले. खोकला बरा नाही. हळद घ्या म्हटलं.

१२ मे, रविवार

आज बायका आल्या. पुढे चंपाभाभी. त्यांचा नवरा युनियनचा मोठा माणूस, संपाच्या आधीच जेलमध्ये नेला. भाभींनी ह्यांच्यासाठी बांगड्या आणल्या होत्या, काचेच्या, हिरव्या. ओट्यावर ठेवल्या.

म्हणाल्या, “हमाए आदमी जेल में परे हैं, और तुमाए आदमी दस्कत कर रए, चाय पिला रए.”

मी म्हटलं चहा मी पाजला आणि सहीसुद्धा मीच केली. एकीनं हसून विचारलं, इंग्रजीत? मी हो म्हटलं. सगळ्याच हसल्या. चौथी पास बाई नवऱ्याला वाचवायला काहीही सांगते, असं त्या हिंदीत बोलल्या, मला समजत नाही असं समजून.

मी कोळशाचा तुकडा घेतला आणि ओट्यावर सही करून दाखवली. एम. जी. कानडे. खालची रेघसुद्धा ओढली.

मग बाकीच्या गेल्या. चंपाभाभी राहिल्या. बराच वेळ सही बघत होत्या. मग माझ्याजवळ बसून हळू म्हणाल्या, अरी बैन, ये तो और बुरा हो गया. सरकारी वहीत दुसऱ्याची सही केली तर बाईलासुद्धा आत टाकतात. कोणाला दाखवू नकोस. आणि पदरानं ओट्यावरची सही पुसली.

दारावरची फुली पुसली नाही. ती कमिटीनं ठरवलेली आहे, म्हणाल्या. बांगड्यासुद्धा परत नेल्या नाहीत. माझ्या मापाच्या आहेत.

१३ मे

आज काही झालं नाही. नळाला पाणी नाही. पंपावरची माणसंसुद्धा संपात आहेत.

१४ मे, मंगळवार

हवालदार आला. आपलं नाव सांगितलं नाही. मधुसूदन कानडे कहाँ है, म्हणून विचारलं. मी म्हटलं मोठ गावाला गेलेत, गहू आणायला. का कोण जाणे मोठच तोंडात आलं. तिथे मंडी आहे हे मला माहीत होतं. त्यानं वहीत लिहिलं, मोठ. म्हणाला, तीन दिवसांत हजर झाला नाही तर नोकरी जाईल, क्वार्टर खाली करावं लागेल, आणि सापडला की आत. इंदू रडायला लागली तर त्यानं तिच्याकडे बघून तोंड वाकडं केलं, हसवायला. त्याला मुलं असतील.

क्वार्टर गेलं तर कुठे जाऊ? गाड्या बंद. माहेर भुसावळला.

टहरौलीकडून तूप विकणारा येतो, त्याच्या हाती ह्यांची चिठ्ठी आली. बरा आहे, इथे हवा चांगली आहे, रात्री पांघरूण लागतं. दाढीचं सामान पाठव.

१५ मे, बुधवार

भाऊजी आले तेव्हा मी रडत होते, म्हणून त्यांनी गोष्ट सांगितली नाही. मीच हवालदाराचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, मधू सापडत नाही तोवर शोधतील. सापडला की थांबतील. मी म्हटलं, सापडू नये म्हणून तर गेलेत. ते म्हणाले, हो, तेही आहे.

मग विचारलं, मधूचा निळा शर्ट आहे का धुतलेला. आणि त्याचा शेडाचा पास. टहरौलीला जाणारं माणूस मिळालंय, पाठवतो. मी दाढीच्या सामानाचं सांगितलं, ते म्हणाले तेही द्या. सगळं एका पिशवीत घातलं.

आज दोन कप चहा घेतला. इंदू माझ्या मांडीवर झोपली होती, तिला घेतलं आणि पहिल्यांदाच आत येऊन पाळण्यात ठेवलं. पाळणा हलवला नाही, नुसती दोरी धरून उभे राहिले. मी विचारलं, त्या पुस्तकातल्या वकिलाचं पुढे काय झालं? तो हुशार असतो पण पितो आणि दुसऱ्याची कामं करून देतो. मी एकदा म्हटलं होतं, तुमच्यासारखा. तेव्हा खूप हसले होते. आज म्हणाले, उद्या सांगतो.

स्वच्छ दाढी केली होती. मला वाटलं कुठे लग्नाबिग्नाला चाललेत.

१६ मे

आज भाऊजी आले नाहीत. चहा जास्त झाला, मी दोनदा प्याले.

१७ मे, शुक्रवार

आधी सकाळचं लिहिते.

सकाळी मारुतीकाका आले, वही नव्हती. म्हणाले, पोरी, मधुसूदनला काल पकडलं. शेडच्या फाटकावर एकटाच उभा राहून घोषणा देत होता. पकडायला गेले तर स्वतःच पास काढून दाखवला. काकांनी स्वतः पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. मी खूप रडले. ह्यांच्यात एवढं धाडस आहे हे मला माहीत नव्हतं. थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला लिहू.

तेवढ्यात चंपाभाभी बादली आणि फडकं घेऊन आल्या आणि दारावरची फुली स्वतः धुतली. पाणी भाभी एक किलोमीटरवरच्या टाक्यावरून आणतात. ताक दिलं. इंदूच्या कपाळाला काजळ लावलं आणि म्हणाल्या, शेर की बिटिया है.

पोळ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन जेलला गेले. बायकांची रांग होती. टेबलावरच्या बाबूनं विचारलं, नवऱ्याचं नाव. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मागच्या बायका बुंदेलखंडी, त्यांच्यातही घेत नाहीत, बाबूला सवय होती. त्यानंच यादी वाचली आणि मधुसूदन म्हटल्यावर मी मान हलवली. त्यानं खूण केली.

जाळीपलीकडे निळ्या शर्टात श्रीकृष्णभाऊजी बसले होते.

हवालदार मागून म्हणाला, लो, मिल लो अपने आदमी से. घरी आलेला तो हा नव्हता. मी उभी राहिले. भाऊजी मोठ्यानं म्हणाले, “पोरगी कशी आहे? भाजी काय आणलीस?” मला ते कधी एकेरी बोलले नव्हते. मग हळू, मराठीत, “वहिनी, आता गप्प बसा. यांच्या रजिस्टरात मधुसूदन आत आहे. बाहेर त्याला कोणी शोधणार नाही. क्वार्टर राहील. संप मिटला की सगळ्यांना सोडतील, आम्हीही सुटू.”

मला एवढंच सुचलं. विचारलं, “भाऊजी, तुमच्या आईंना काय सांगू?”

ते गोंधळले. हा विचार त्यांनी केलाच नव्हता, तोंडावर दिसलं. म्हणाले, “पुस्तकातला वकीलही असाच एका बाईच्या नवऱ्याच्या जागी आत जातो. त्याला आई नव्हती.”

डबा दिला. बटाटा त्यांना आवडत नाही. ह्यांना आवडतो.

१८ मे, शनिवार

रेडिओवर सांगितलं, वाळवंटात अणुबॉम्ब फोडला, यशस्वी झाला. चंपाभाभी म्हणाल्या, बम बना लओ, नल में पानी नईं. पण त्याही खूश होत्या. कॉलनीत कोणीतरी बत्तासे वाटले.

कुसुमावतीकाकू, म्हणजे भाऊजींच्या आई, उन्हात चालत आल्या. सत्तरीच्या आहेत. विचारलं, श्रीकृष्ण तुझ्याकडे येतो ना चहाला, कुठे गेलाय काही बोलला का, दोन रात्री आला नाही. मी म्हटलं कानपूरला गेलेत, कोणाच्या तरी अर्जाच्या कामाला. त्या म्हणाल्या, पिऊन पडला नाही ना कुठे? मी नाही म्हटलं. हे तरी खरं होतं.

बत्तासा दिला. त्यांनी पदराला बांधला, तो आल्यावर त्याला म्हणून.

२० मे

तूपवाल्याच्या हाती मी सगळं लिहून पाठवलं होतं. आज ह्यांची चिठ्ठी आली. लिहितात, झालं ते उत्तमच झालं, कोणाला कळू देऊ नकोस, मीही संप मिटेपर्यंत इथेच थांबतो. श्रीकृष्णाला तसंही काही काम नसतं.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. अक्षर ह्यांचंच आहे.

दाढीचं सामान पोचलं नाही, असंही लिहिलंय.

२२ मे, बुधवार

आज जेलला गेले. भाऊजींना दोघांनी धरून आणलं. डोळे पिवळे, हात थरथरत होते. मी वेड्यासारखी म्हटलं थंडी वाजते का. बाहेर ऊन पंचेचाळीस. ते म्हणाले, सात दिवस मिळाली नाही ना, वहिनी, शरीर रुसलंय. मग कळलं दारूबद्दल बोलताहेत.

जेलचा कंपाउंडर भला माणूस आहे. मला बाजूला घेऊन म्हणाला, आपके पति का लिवर बिल्कुल खतम है, रात को खून की उल्टी हुई. आज दवाखान्यात पाठवतोय. तिथे बरे झाले तर शनिवारी बाकीच्यांबरोबर दूरच्या जेलमध्ये हलवतील. बरे झाले नाहीत तर, आणि तो थांबला. त्यानं एक कागद पुढे केला. काय लिहिलंय विचारलं. नाव मधुसूदन कानडे, वारस पत्नी, काही बरंवाईट झालं तर देह पत्नीच्या ताब्यात.

म्हणजे ते गेले तर मी कागदावर विधवा होणार, आणि हे टहरौलीत पांघरूण घेऊन झोपणार. कुसुमावतीकाकूंना कोणी देह देणार नाही, सांगणारसुद्धा नाही. त्या कानपूरकडे डोळे लावून बसतील, कारण कानपूर मी सांगितलं.

मी म्हटलं मला लिहिता येत नाही. कंपाउंडर म्हणाला, अंगठा द्या. मी म्हटलं उद्या.

भाऊजींना जाळीतून विचारलं, पुस्तकाचा शेवट काय आहे ते आता सांगा. ते म्हणाले, “चांगला आहे. सगळे गाडीत बसून सुखरूप घरी पोचतात.”

“सगळे?”

“ज्यांनी पोचायचं ते.”

मी म्हटलं, “आणि ज्या बाईसाठी हे सगळं केलं, तिला कोणी विचारलं होतं का?”

त्यांनी मान खाली घातली. हवालदार म्हणाला, टैम हो गया. जाता जाता मागे वळून म्हणाले, “नाही. पुस्तकात तिला विचारत नाहीत.”

२३ मे, गुरुवार

सकाळी इंदूला घेऊन ओरछा गेटला गेले. कुसुमावतीकाकू तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. कॉल बुकपासून. वाटलं त्या रडतील किंवा मला शिव्या देतील. त्यांनी आधी तांदूळ निवडून संपवले.

मग म्हणाल्या, “शाळेतसुद्धा दुसऱ्याच्या नावानं हजेरी द्यायचा. मास्तर छड्या मारायचे ह्याला.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “तुझ्यावर जीव आहे त्याचा. माहीत आहे ना तुला?”

मी म्हटलं, चहावर असेल. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला दीड वर्षाचे सगळे चार वाजले आठवले.

काकू म्हणाल्या, “तो वाचायचा असेल तर माझ्या हातचं खाऊन वाचेल. मरायचा असेल तर लघाट्यांच्या नावानं मरू दे. कानड्यांकडे आम्ही तेवढं देणं लागत नाही.”

ट्रंकेतून त्यांनी रेशन कार्ड काढलं, त्यावर त्यांचं आणि श्रीकृष्णचं नाव आहे. लायब्ररीत होते तेव्हाचा एक फोटो काढला. दवाखान्यातल्या लोकांना दाखवायला.

दुपारी चंपाभाभींना सांगितलं. कोणीतरी इंदूला ठेवायला हवं होतं. त्या ऐकून जमिनीवरच बसल्या. म्हणाल्या, म्हणजे शेर तो दारुडा निघाला. मी हो म्हटलं. आणि तुमचे टहरौलीत? मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, जेलात नवऱ्याला न्यायचं ताक मी तुझ्या घरी दिलं. मी म्हटलं, हो, चांगलं होतं.

त्यांनी उसासा टाकला. “कोयला हम बाद में लगाएँगे. अबै मोड़ी हमें दै दो.” मोड़ी म्हणजे पोरगी.

मी विचारलं, भाभी, तुम्ही सांगणार तर नाही कुठे? त्या म्हणाल्या, कमिटीला सांगावंच लागेल, पोलिसांना नाही. आणि इंदूला दूध कसं लागतं ते विचारून घेतलं, किती पाणी, किती साखर.

ह्यांना चिठ्ठी पाठवली. तूपवाला आज जाणार होता. लिहिलं, उद्या सकाळी मी खरं सांगणार आहे, तुम्ही कुठे आहात ते सांगणार नाही. यायचं असेल तर या.

२४ मे, शुक्रवार, सकाळ

उत्तर नाही. टहरौलीची बस सातला येते, ती आली आणि गेली.

काल संध्याकाळी जेलच्या मुख्य हवालदाराला नुसतं विचारल्यासारखं विचारलं, कोणी दुसऱ्याच्या नावानं आत असेल तर? तो म्हणाला, आत असणाऱ्यावर केस, आणि ज्यानं लपवलं त्याच्यावर आधी. मग कॉल बुकचंही निघणार. ती सही मीच केली हे सांगावं लागेल, नाहीतर नुसतं हे पळाले म्हणून केस होईल. सांगितलं तर मी आत जाईन. पंधरा दिवस असेल, वर्ष असेल, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. घाबरले आहे.

नऊ वाजता काकूंबरोबर दवाखान्यात जाणार. खाटेवरच्या पाटीवर ह्यांचं नाव आहे. डॉक्टरसमोर आणि शिपायासमोर सांगायचंय की हा मधुसूदन गोविंद कानडे नाही, मधुसूदन गोविंद कानडे माझे नवरे आहेत आणि ते इथे नाहीत. हे नाव मी आयुष्यात कधी तोंडानं उच्चारलं नाही. आत्ता स्वयंपाकघरात एकटीनं म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा आवाज फुटला.

भाऊजींना राग येईल. येऊ दे. त्यांनी मला विचारलं नव्हतं, मीही त्यांना विचारणार नाही.

इंदू चंपाभाभींकडे आहे. लंगोट, दुपटं, वाटी-चमचा आणि काळा दोरा सगळं पिशवीत दिलंय. ही वही त्याच पिशवीत ठेवतेय. भाभींना मराठी वाचता येत नाही, म्हणून त्यांना सांगितलंय की संध्याकाळपर्यंत मी आले नाही तर कॉलनीतलं कोणीही मराठी माणूस गाठा आणि हे शेवटचं पान वाचून घ्या. जे कोणी वाचत असाल त्यांना नमस्कार. मागची पानं वाचलीत तरी चालेल, पण आधी हे करा.

माझ्या भावाला फोन करा. दत्तात्रेय रामकृष्ण भोळे, भुसावळ. त्याच्या घरी फोन नाही, खाली औषधाचं दुकान आहे, नंबर दोनशे सतरा. ट्रंक कॉल लावावा लागेल. पैसे चंपाभाभींकडे ठेवलेत, तीन मिनिटांपुरते. दुकानदार म्हणेल नंतर करा. तुम्ही ऐकू नका, म्हणा बकुळच्या, म्हणजे माझ्या, मुलीचं आहे, तो धावत वर जाईल. दादा आला की त्याला सांगा, रेल्वे बंद आहे, एसटीनं बऱ्हाणपूर, तिथून इंदूर, इंदूरहून गुना आणि मग झाशीची बस. दोन दिवस लागतील. त्याला सांगा, आधी इंदूला घे, मग मला शोध. तो उलटं करेल, म्हणून हे दोनदा सांगा. लाइन तुटली तर पुन्हा लावा.